शुक्रवारी नाका रिकामा असतो

खापरवाडी, ता. कळमनुरी
१२ ऑगस्ट १९७५

चिरंजीव ग्यानोबास आजी सोजराबाईचा आशीर्वाद.

तुला एक आजी आहे, ही याद द्यायला हे पत्र. नांदेडच्या पाण्यात काय आहे कोण जाणे, प्यालं की माणूस सारं विसरतो. जाताना चप्पल विसरलास. आखाडीला येतो म्हणालास, ते विसरलास. आणि या खेपेला पत्राखाली स्वतःचं नावसुद्धा विसरलास. 'ज्ञानेश' कोण रे हा? मदीनानं वाचून दाखवलं तर मी म्हणले, पोस्टमननं दुसऱ्याचा कागद टाकला, वापस दे.

तुझ्या बापाला लिहिता येतं, पण मी शंभर गोष्टी सांगितल्या तर तो लिहितो 'इकडील सर्व क्षेम' आणि खाली सही ठोकतो. माझं बोलणं खाऊन टाकतो. म्हणून मदीनाकडून लिहून घेते. पोरींच्या शाळेतली बाई आहे, त्याची एक तकलीफ आहे. मी 'व्हतं' म्हणले की ती 'होतं' लिहिते.

तू इचारलंस, कॉलेजात दहशतीच्या इतिहासावर निबंध लिहायचा आहे, आजोबाच्या काळातलं सांग. सांगते. रझाकाराची गाडी पांदीत वाजली की बाया कणगीत शिरायच्या. कणगीत ज्वारी कमी आणि बाया जास्त, असे दिवस होते. लेकराच्या तोंडावर हात ठेवायचा, अन् हात उचलताना भ्या वाटायचं, की लेकरू अजून श्वास घेतं का न्हाई. ही एक दहशत. सरहद्दीपल्याड आपल्या लोकांचे कँप होते, तुझा आजोबा शेषराव त्यांच्यातलाच, फक्त राहायचा घरी. ते रझाकाराला भिववायला नाके जाळायचे, चौक्या उडवायचे. ते गावात आले तरी आमी लेकरं आधी कणगीत घालायचो, मग भाकरी थापायचो. भ्याला टोपीचा रंग दिसत न्हाई बाबा. हे तू इचारलं न्हाईस, मी आपलं सांगितलं.

आता दुसरं. मित्राच्या विहिरीसाठी, तांड्यावरच्या विहिरी फोडणाऱ्या वसरामकडून सुरुंगाच्या दहा कांड्या मागून ठेव, म्हणतोस. ग्यानू, श्रावण चालू आहे. विहिरी काठोकाठ भरल्यात, चिमण्या वाकून पाणी पितात. विहीर फोडतात चैत-वैशाखात, तळ कोरडा पडल्यावर. तुझा मित्र बेडूक मारून राहिला का?

पोळ्याला ये.

सोजराबाईचा अंगठा

*

नांदेड
२१ ऑगस्ट १९७५

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मदीनाबाईंना नमस्कार सांग. हल्ली पत्रं फोडून वाचतात, म्हणून थोडं जपून लिहायला सांगावं.

विहिरीबद्दल तू थट्टा केलीस. खडक वरच लागला आहे, एवढंच सांगतो. काम आपल्या गावाजवळचंच आहे, ओढ्यापाशी.

निबंधासाठी मी बरंच वाचलं. रशियात, बंगालमध्ये, आपल्याकडे. एक गोष्ट कळली. सत्ता जेव्हा स्वतः दहशत घालते, माणसं रात्रंदिवस उचलून नेते, वर्तमानपत्रांची पानं कोरी करते, तेव्हा तिला फक्त आवाज ऐकू येतो, शब्द नाही. आमचे दोन प्राध्यापक जूनपासून आत आहेत. त्यांनी काय केलं? भाषण केलं. आजोबांनी भाषणं केली नाहीत, म्हणून त्यांचा ताम्रपट भिंतीवर आहे. मॅट्रिकचा अभ्यास मी त्याखाली बसून केला. नाका उडवला तेव्हा त्यांनी वार कोणता निवडला, वेळ कोणती, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं राहून गेलं. ते त्या विषयावर कधी बोलत नसत. तुला माहीत असेल तर लिही.

आणि काळजी करू नकोस. कुणालाही इजा होणार नाही. तीन शुक्रवार आम्ही गाड्यांच्या वेळा तपासल्या. दुपारी बारा ते दोन तिथं काहीही नसतं.

तुझा
ज्ञानेश (ग्यानोबा)

*

खापरवाडी
२८ ऑगस्ट १९७५

चिरंजीव ग्यानोबास आशीर्वाद.

तुमच्या विहिरीवर गाड्या धावतात, हे मला नवीन आहे. हिंगोलीकडं जाणारी रेल्वे ओढ्यावरच्या पुलावरनं जाते, तेवढं मला ठाऊक होतं. तिथं खडक लागला म्हणतोस तर लागला असंल.

वसराम पोळ्याच्या झुली घेऊन घरी आला होता. त्याला मी काही इचारलं न्हाई. इचारलं असतं तर त्यानं दिल्याही असत्या. मला तो आई म्हणतो अन् आई कशाला मागते हे तो इचारत न्हाई. म्हणूनच मागितल्या न्हाईत.

तुझ्या बापाला सांगितलं न्हाई. तो तापट माणूस. उठून थेट तुझ्या खोलीवर येईल, चारचौघांत कॉलर धरील आणि अख्ख्या नांदेडला कळंल. नाहीतर फौजदाराकडं जाईल, लेकाला वाचवायला म्हणून. फौजदार लेकाला कसं वाचवतो ते मी पाहिलंय.

आता तू लिहिलंस की बारा ते दोन तिथं काहीही नसतं. ओढ्याला पूर आला की पायवाट बुडते. मग पल्याडच्या शेतात भाकर पोचवायला बाया पुलावरनं जातात, रुळामधल्या फळ्यांवर पाय टाकत टाकत. डोक्यावर टोपलं, खाली पाणी. भिकाबाई तर डोळे मिटून जाते, म्हणते उघडले तर चक्कर येते. तुमच्या वेळापत्रकात भिकाबाई लिहिलेली न्हाई, काहून की ती शिट्टी वाजवत न्हाई.

घरी ये. निबंध इथं बसून लिही. मी सांगते, तू लिही. मदीनाला तेवढीच सुट्टी.

सोजराबाई

(मदीनाची ओळ: मावशी हसत हसत सांगत होत्या, पण पत्र संपल्यावर माझा हात सोडत नव्हत्या. ये बेटा.)

*

नांदेड
३ सप्टेंबर १९७५
(कार्ड)

ती. आजीस नमस्कार.

पोळ्याला येत नाही. मित्राचं साहित्य दुसरीकडून मिळालं. वसरामची गरज नाही. १२ तारखेला, शुक्रवारी, काम उरकेल. बायकांचं तू लिहिलंस ते लक्षात ठेवलं आहे, भाकरीची वेळ टळल्यावर करू, एकच्या सुमारास. तेव्हा नक्की कुणी नसतं.

आजोबांनी तरी कुणाला विचारलं होतं का?

ज्ञानेश

*

खापरवाडी
८ सप्टेंबर १९७५

ग्यानोबा,

आशीर्वाद शेवटी देईन, उरला तर.

हे पत्र पोस्टात टाकलेलं न्हाई. वसराम बैलाच्या कामानं नांदेडला निघाला आहे, त्याच्या कोपरीत शिवून दिलंय. तो तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत समोर बसून राहील. त्याला तसं सांगितलंय. त्याला चहा पाज.

तू इचारलंस, आजोबानं कुणाला विचारलं होतं का. न्हाई विचारलं. तेच सांगायचं आहे. सत्तावीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं न्हाई, आणि आज जिच्याकडून लिहून घेते तिला तर कधीच सांगणार नव्हते. मला अक्षर येत असतं तर मी एकटीच लिहिलं असतं अन् मेले असते. पण येत न्हाई. मदीना, तू लिहीत राहा.

निजामाच्या राज्यात बैलगाडीत माल घालून सरहद्द ओलांडली की करोडगिरी भरावी लागायची. त्याचा नाका आपल्या गावच्या वरच्या अंगाला होता. एक कुडाची खोली, आडवा बांबू आणि एक नाकेदार. नाकेदार होता नासेर. मदीनाचा बाप.

(मी लिहिते आहे. मदीना.)

नासेर मला आक्का म्हणायचा. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला तो खाली गावात मशिदीत यायचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तुझ्या आजोबालाही ठाऊक होतं. सत्तेचाळीसची दिवाळी झाली आणि कँपातनं निरोप आला, नाका उडवायचा. तुझ्या आजोबानं शुक्रवार काहून निवडला? नासेरला वाचवायला. 'शुक्रवारी नाका रिकामा असतो,' असं तो आपल्या दोन सोबत्यांना म्हणाला. हे त्यानं मला नंतर सांगितलं. तुझं कार्ड मदीनानं वाचलं, 'तेव्हा नक्की कुणी नसतं', अन् मला शेषरावचा आवाज ऐकू आला.

नाका रिकामा नसायचा रे. नाक्यावर माणूस न्हाई असं वरच्या साहेबाला दिसलं तर नासेरची नोकरी जाणार. म्हणून जुम्म्याच्या दीड-दोन घंट्यांपुरता तो माझ्या धाकट्या भावाला बसवून यायचा. नरसिंगला. त्याचं वय एकोणीस. नरसिंगला त्याचा शौक होता. नासेरचा खाकी कोट अंगात घालायचा, बांबू खाली-वर करायचा, गाडीवाल्यावर डाफरायचा. मला त्यानं शपथ घातली होती, दाजीला सांगू नको, दाजी रागावंल, की निजामाच्या नाक्यावर बसतो. मी सांगितलं न्हाई. शेषरावनं मला विचारलं न्हाई. आमी दोघं एका चुलीवरची भाकर खात होतो.

दुपारी आवाज झाला. गाव वर पळालं. कोट घातलेला माणूस बघून लोक म्हणले, नासेर गेला. एक-दोघं म्हणले, बरं झालं. तेवढ्यात मशिदीच्या वाटेनं नासेर पळत आला, स्वतःच्या पायावर. मग लोकांनी मेलेल्याचं तोंड पाहिलं.

तुझा आजोबा घरी आला, हातपाय धुतले आणि मला म्हणाला, 'नरसिंग कुठं दिसत न्हाई?' मी म्हणले, 'नाक्यावर. नासेरच्या जागेवर.' तो खाली बसला. जिथं उभा होता तिथंच बसला. मला त्या घडीला सगळं कळलं.

आता हे ऐक, काहून की तुझ्या निबंधात हे कुठल्याच पुस्तकातनं येणार न्हाई. सुरुंगाचा आवाज एकदाच होतो. त्यानंतर लोक बोलायला लागतात. लोक म्हणले, नासेरला आधी खबर होती, म्हणून त्यानं स्वतःचा कोट नरसिंगला चढवला आणि आपण निघून गेला. एकानं म्हणलं, दुसऱ्यानं त्यात घातलं, महिनाभरात ते खरं झालं. खबर कुणाला होती हे तीन माणसांना ठाऊक होतं, अन् चौथी मी.

पुढच्या भादव्यात फौज आली, निजाम पडला. रझाकार पळाले ते पळाले. जे पळाले न्हाईत, काहून की त्यांनी काही केलंच नव्हतं, त्यांच्या दारात लोक गेले. नासेरच्या दारात गेले तेव्हा ओरडत होते, नरसिंगचा बदला. माझ्या भावाचं नाव घेत होते. शेषराव तिथं उभा होता. कँपवाला, त्याचा शब्द कुणी खाली पडू दिला नसता. 'नासेरनं न्हाई, मी,' एवढेच शब्द. त्यानं तोंड उघडलं न्हाई. मी माझ्या दारात उभी होते. माझं तोंडही माझ्याजवळच होतं.

इथं मदीनाचा हात थांबला आहे. मी म्हणले, 'मदीना, पुरे कर पाहिजे तर.' ती म्हणते, 'पुढं बोला, मावशी.'

मदीना सहा वर्षांची होती. तिची आई खतीजाबी हिला मी त्या दिवसापासून दूध पोचवलं, ज्वारी पोचवली, या पोरीला शाळेत घालायला मीच भांडले. गाव म्हणायचं, सोजराबाईचं मन मोठं, भावाचा मारेकरी विसरली. मी ऐकून घ्यायची. मदीना, ती माया नव्हती. आधी ते भ्या होतं. माया नंतर आली, अन् आली तेव्हा मला जास्त भ्या वाटलं.

तुझ्या आजोबाला ताम्रपट आला तेव्हा त्यानं तो उलटा टांगला होता, भिंतीकडं तोंड करून. तुझ्या बापानं सुलटा केला.

आता तुझं एक वाजताचं. भाकरीच्या बाया परत गेलेल्या असतात, बराबर. पण शुक्रवारी एकच्या सुमारास पल्याडच्या वस्तीवरची मकबूलची माणसं जुम्म्याला याच पुलावरनं येतात. पाच-सात जण असतात. १२ तारखेचा जुम्मा रमजानचा पहिला आहे, त्या दिवशी ते लेकरांनाही घेऊन येतात. तू शुक्रवार निवडलास. तुझ्या आजोबानंही शुक्रवार निवडला होता. तुमच्या घरात तो वार रिकामा असतो असं तुमाला कोण सांगतं?

मी आणखी काय सांगू. तू आजोबाचा नातू आहेस, न बोलता करणारा. मी म्हणते, एकदा तरी विचार.

सोजराबाई

(मी मदीना. वरचं सगळं मी मावशींनी सांगितलं तसं लिहिलं आहे, एक शब्द गाळला नाही. मला मावशींशी आज काही बोलायचं नाही. तुला एवढंच सांगते. अब्बा गेले त्या दिवशी मी दारामागं होते. बाहेर जे ओरडत होते, त्यांतल्या प्रत्येकाला खात्री होती. मला आता माणसाच्या खात्रीची भीती वाटते. शुक्रवारी मी शाळेत जाणार नाही. बारा वाजल्यापासून पुलावर बसेन. रोजा आहे, त्यामुळं डबा आणावा लागणार नाही. तुझ्या वेळापत्रकात मला लिहून घे.)

*

१६ सप्टेंबर १९७५

ती. आजीस नमस्कार.

पत्ता लिहीत नाही. वसराममामांच्या हाती देतो आहे.

तुझं पत्र आणलं त्या दिवशी ते माझ्यासमोर बसून राहिले. मी दोनदा वाचलं. चहा द्यायचा राहिला. मग त्यांनी विचारलं, 'काय लिवलंय आईनं?' मी पत्राची घडी करून खिशात घातली.

माझ्या दोघा मित्रांना मी सांगितलं. एक म्हणाला, तुझ्या आजीला पुढं करून तू पळतोयस. दुसरा म्हणाला, इतिहासात किंमत मोजावी लागतेच. मी विचारलं, कुणी मोजायची? तो म्हणाला, हा प्रश्न भित्रे विचारतात. गुरुवारी ते जेवायला गेले तेव्हा मी सामान उचललं आणि गोदावरीत सोडलं. नंतर घाटावर एकानं मला बसवून पाणी पाजलं.

शुक्रवारी मी आलो होतो. तुला माहीत नाही. स्टेशनाच्या बाजूनं आलो आणि बाभळीखाली थांबलो. पुलाच्या मधोमध, बाजूच्या कठड्यावर मदीनाबाई बसल्या होत्या, छत्री उघडून, कुठल्यातरी वह्या तपासत. मी पुढं जाऊ शकलो नाही. पावणेएक ते सव्वाएक या अर्ध्या तासात पूल ओलांडून माणसं गेली, ती मी मोजली. सतरा. त्यांत सहा लेकरं. एक लहानगा फळ्यांवरून उड्या मारत होता आणि मदीनाबाई त्याच्यावर ओरडल्या. एक बाई शेळीला उचलून घेऊन गेली. तीन शुक्रवार आम्ही पाहत होतो, आजी, स्टेशनातल्या फळ्यावर. पुलाकडं कुणीही पाहिलं नव्हतं.

तो दुसरा मित्र शनिवारी पकडला गेला. मी खबर दिली असं पहिल्याला वाटतं. मी दिली नाही. पण त्याला आता कोण पटवणार? लोक बोलायला लागतात म्हणालीस, ते असं असतं तर.

माझं काय होईल ते होवो. पण आतले प्राध्यापक आतच आहेत, आणि मी गप्प बसायचं ठरवलेलं नाही. काय करायचं ते कळत नाही, एवढंच.

मदीनाबाईंना काय लिहू? तू काहीतरी सांग.

ग्यानोबा

*

खापरवाडी
२८ सप्टेंबर १९७५

चिरंजीव ग्यानोबास आजीचा आशीर्वाद. उरला होता, घे.

आधी कामाचं. फौजदार दोनदा येऊन गेला. मी बहिरी झाले. तो म्हणाला, 'नातू कुठाय?' मी म्हणले, 'व्हय, पाऊस बरा झाला.' तिसऱ्या खेपेला तो आला न्हाई. तरी तू इकडं फिरकू नकोस.

मदीना नऊ दिवस आली न्हाई. रस्त्यात दिसली तर पदर सावरून निघून जायची. मी दूध पाठवलं, तिनं भांडं भरलेलंच वापस केलं. दहाव्या दिवशी आपण होऊन आली, हातात दौत अन् टाक. मला वाटलं तुला पत्र लिहायचं असंल. ती म्हणली, 'मावशी, कागदावर नको. कागद ग्यानोबानं वाचला, बास. अब्बांचं नाव पारावर खराब झालं होतं, पारावर बोला.'

परवा जुम्मा सुटला तेव्हा मी मशिदीसमोरच्या पारावर गेले. तिकडून नमाजवाले येत होते, इकडं आपले म्हातारे बसले होते. मदीना बाजूला उभी राहिली. मी सगळं बोलले, नरसिंगच्या कोटापासून माझ्या दारापर्यंत. मोठ्यानं. एक जण म्हणाला, सोजराबाईचं डोकं फिरलं, हिला घरी न्या. एक म्हातारा काठी घेऊन उठला आणि मान खाली घालून निघून गेला. भादव्यातल्या त्या दिवशी सगळ्यात पुढं तोच होता. त्याचं नाव मी घेतलं न्हाई, मदीनानंही विचारलं न्हाई. मकबूल पुढं आला अन् म्हणाला, 'आक्का, सावलीत या.' बाकीचे आपापल्या घरी गेले. मला वाटलं होतं आभाळ कोसळंल. काही कोसळलं न्हाई, याचंच मला वाईट वाटलं. एवढंच होतं तर सत्तावीस वर्षं काहून लागली?

तुझ्या बापानं माझ्याशी बोलणं टाकलंय. बापाचं नाव मातीत घातलंस म्हणतो. म्हणजे तसं तुझ्या आईला म्हणतो, मला ऐकू जाईल असं. काल मात्र ताटावर बसला आणि म्हणाला, 'नरसिंगमामा दिसायला कसा होता?' मी सांगितलं.

तू लिहितोस, काय करायचं कळत न्हाई. ज्याला कळतं असं वाटतं त्याच्यापेक्षा बरं आहे. तुझे मास्तर आत आहेत, त्यांच्या बायका-लेकरांच्या घरी कोण जातं? तिथपासून बघ. बोलायचं असंल तर स्वतःच्या नावानं बोल, पुढं उभं राहून. पकडतील. मी भेटायला येईन, तुरुंगाची भाकर कच्ची असते म्हणतात, तेही बघून येईन.

मदीनाला काय लिहू म्हणतोस. ती इथंच बसून हे लिहून राहिली, तिलाच विचारलं. ती म्हणते, त्याला म्हणावं माफी लिहू नको, मला उत्तर द्यावं लागेल आणि उत्तर माझ्याकडं नाही.

पण एक काम सांगितलंय तिनं. सहा तारखेच्या आसपास ईद आहे. नासेर गेल्यापासून तिच्या घरात शिरखुर्मा दोघी मायलेकींपुरता, आणि खतीजाबी गेल्यावर एका वाटीपुरता व्हायचा. यंदा तिनं पातेलं मोठं काढलंय. गावातलं कोण येईल, कोण न्हाई, देवाला ठाऊक. ती म्हणते, करणार तर वीस माणसांचाच. तर वसरामच्या हाती वीस माणसांच्या शेवया पाठव, बारीक पाहिजेत, जाड पाठवशील तर वापस करीन. खारका, चारोळी अन् थोडा खोबऱ्याचा कीसही पाठव. अन् माणसं येणार न्हाईत असं धरून कमी पाठवू नकोस.